नवा गुडघा आणि जुनी तरफ

जिन्याच्या प्रत्येक पायरीवर थांबत, कठड्याला धरून चढणारी एखादी आजी तुमच्या घरात किंवा शेजारी असेलच. "गुडघे गेले रे बाबा," असे ती म्हणते. अलीकडे अशा पुष्कळ आज्या-आजोबांच्या गुडघ्यांवर शस्त्रक्रिया होते आणि जुन्या सांध्याच्या जागी कृत्रिम सांधा बसविण्यात येतो. चार-पाच दिवसांत रुग्ण घरी येतो. घरच्यांना वाटते, झाले काम! पण खरे काम तेव्हा नुकते सुरू झालेले असते. ते रुग्णालाच करावे लागते आणि ते काय आहे हे समजून घ्यायला शाळेतील तरफेचा धडा पुरेसा आहे.

हा धडा मी महाविद्यालयात वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहे. तरीही माझ्या आईच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झाली तेव्हा मी स्वतःच एक चूक केली. ती चूक कोणती, ते पुढे सांगतोच. आधी गुडघ्याकडे पाहू या.

गुडघ्यात काय बदलतात?

मांडीचे हाड आणि नडगीचे हाड जेथे भेटतात तेथे दोन्ही हाडांच्या टोकांवर कूर्चेचे गुळगुळीत आवरण असते. निरोगी सांध्यातील घर्षण इतके कमी असते की बर्फावरून घसरणाऱ्या बर्फाचे घर्षणही त्यापेक्षा जास्त भरेल. वय, वजन, जुनी दुखापत किंवा संधिवात यांमुळे ही कूर्चा झिजते. मग हाडावर हाड घासू लागते आणि प्रत्येक पाऊल दुखते.

शस्त्रक्रियेत संपूर्ण गुडघा काढून टाकतात असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. हाडांच्या टोकांचा झिजलेला पातळ थर तेवढा कापून काढतात. मांडीच्या हाडाच्या टोकावर बहुधा कोबाल्ट-क्रोमियम मिश्रधातूची टोपी बसवितात. नडगीच्या हाडावर धातूची, बहुधा टायटॅनियमच्या मिश्रधातूची, बैठक येते आणि दोहोंच्या मध्ये पॉलिएथिलिन या प्लास्टिकची जाड चकती राहते. धातू प्लास्टिकवर सहज सरकतो.

ही कल्पना जुनी आहे. बर्लिनमध्ये थेमिस्टोक्लीस ग्लुक या शल्यविशारदाने १८९० साली क्षयाने खराब झालेल्या गुडघ्यात हस्तिदंती बिजागरी बसवून पाहिली होती. जंतुसंसर्गामुळे ते प्रयोग टिकले नाहीत. पुढे इंग्लंडमध्ये जॉन चार्नली यांनी खुब्याच्या कृत्रिम सांध्यासाठी आधी टेफ्लॉन वापरले. ते फार लवकर झिजले. तेव्हा १९६२ साली त्यांनी पॉलिएथिलिनकडे वळून यश मिळविले. याच मार्गाने जात न्यूयॉर्कमध्ये जॉन इन्सॉल व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७४ साली गुडघ्याचा जो सांधा वापरात आणला, त्याच्याच घडणीवर आजचे बहुतेक सांधे आधारलेले आहेत.

पण या सगळ्यात एक गोष्ट लक्षात आली का? नव्याने बसविला जातो तो फक्त पृष्ठभाग. सांधा हलविणारा स्नायू जुनाच असतो. टेकू नवा, पण तरफ ओढणारा हात जुनाच!

तिसऱ्या प्रकारची तरफ

मांडीच्या पुढच्या बाजूस चार भागांचा एक मोठा स्नायू असतो. त्याला क्वाड्रिसेप्स म्हणतात. त्याचे चारही भाग खाली एकत्र येऊन गुडघ्याच्या वाटीला जोडलेले असतात आणि वाटीपासून निघालेला जाड पट्टा नडगीच्या हाडाला पुढून चिकटतो. स्नायू आखडला की पट्टा ओढला जातो व गुडघा सरळ होतो.

आता खुर्चीवर बसा आणि एक पाय आडवा, जमिनीला समांतर, उचलून धरा. ही झाली तरफ. टेकू गुडघ्यात आहे. भार म्हणजे गुडघ्याखालच्या पायाचे वजन. बल म्हणजे पट्ट्याची ओढ. ओढ टेकूच्या अगदी जवळ आहे आणि भार लांब आहे. चिमट्यासारखी ही तिसऱ्या प्रकारची तरफ होय.

आकडे घालून पाहू या. ६० किलोग्रॅम वजनाच्या माणसाचा गुडघ्याखालचा पाय, पावलासह, सुमारे ३.६ किलोग्रॅमचा असतो. त्याचा गुरुत्वमध्य गुडघ्यापासून सुमारे २४ सेंटिमीटरवर असतो. पट्ट्याच्या ओढीचे टेकूपासूनचे लंबांतर मात्र जेमतेम ४ सेंटिमीटर. बल आणि लंबांतर यांचा गुणाकार म्हणजे आघूर्ण, आणि तोल राखायचा तर दोन्ही आघूर्णे समान हवीत, हे तुम्हांला ठाऊकच आहे.

ओढ × ४ = ३.६ × २४

म्हणून ओढ = २१.६ किलोग्रॅम-भार.

(काटेकोरपणे बल न्यूटनमध्ये सांगायला हवे. ही ओढ सुमारे २१२ न्यूटन भरते. पण किलोग्रॅम-भार म्हटले की अंदाज पटकन येतो, म्हणून येथे तेच एकक वापरू.)

साडेतीन किलोचा पाय नुसता धरून ठेवायला स्नायूला जवळजवळ बावीस किलोची ओढ द्यावी लागते! वाटी नसती तर पट्टा हाडाला अधिक चिकटून गेला असता, लंबांतर घटले असते आणि ओढ आणखी वाढली असती. वाटीचे मोठे काम हेच. ती पट्ट्याला पुढे ढकलून तरफेचा दांडा लांब करते.

शस्त्रक्रियेसाठी नेमका याच भागाजवळ छेद घ्यावा लागतो. शिवाय गुडघा सुजलेला असला की मज्जारज्जूकडून स्नायूला येणारे संदेशच कमी होतात, जणू शरीर स्वतःच त्या स्नायूचा आवाज बारीक करते. त्यामुळे शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या महिन्यात या स्नायूची ताकद आधीच्या निम्म्याहूनही कमी होते. आधीच दुखण्यामुळे अशक्त झालेला स्नायू, त्यात ही घट. म्हणून आजीला "पाय सरळ उचला" म्हटले की पाय हलतच नाही. त्या आळस करीत नसतात, बरे का!

मी केलेली चूक

आता माझी गोष्ट. घरी आल्यावर आईचा गुडघा फार ठणकत असे. तिला पाय थोडा वाकवून ठेवला की बरे वाटे. मी प्रेमाने तिच्या गुडघ्याखाली एक मऊ उशी सरकवली. ती शांत झोपली. मला फार समाधान वाटले.

थोडा वाकलेला गुडघा बरा का वाटतो? याचे उत्तर दाबात आहे. सुजलेल्या सांध्यात द्रव साठलेला असतो. सुमारे ३० अंशांत वाकलेल्या स्थितीत सांध्याच्या पिशवीत सर्वांत जास्त जागा असते, म्हणून द्रवाचा दाब सर्वांत कमी असतो. पाय सरळ केला की जागा घटते, दाब वाढतो आणि ठणका लागतो. म्हणजे आराम खरा होता. पण त्या आरामात सापळा होता.

दोन आठवड्यांनी फिजिओथेरपिस्ट बाई आल्या. त्यांनी आईला पलंगावर पाय सरळ करायला सांगितले. गुडघ्याखाली त्यांचा हात सहज गेला. कोनमापक लावून त्या म्हणाल्या, "पंधरा अंश कमी आहेत. उशी कोणी दिली?" मी मान खाली घातली.

जखम भरताना नवे तंतू तयार होतात आणि ज्या स्थितीत सांधा ठेवाल त्या स्थितीला ते जुळवून घेतात. पहिल्या काही आठवड्यांत हे तंतू ताणता येतात. नंतर ते घट्ट होत जातात. उशीवर ठेवलेला गुडघा हळूहळू वाकलेलाच राहू पाहतो.

पंधरा अंशांची किंमत

"पंधरा अंश म्हणजे कितीसे?" असे आई म्हणाली. तुम्हीही म्हणाल. तर एक प्रयोग करा. ताठ उभे राहा आणि मांडीच्या पुढच्या स्नायूला हात लावून पाहा. तो बऱ्यापैकी सैल लागेल. आता दोन्ही गुडघे किंचित वाकवून तसेच उभे राहा. स्नायू लगेच कडक होईल आणि थोड्या वेळाने मांड्या भरून येतील.

ताठ उभे असताना शरीराच्या वजनाची रेषा गुडघ्याच्या आसाजवळून, किंचित पुढून जाते. तेथे आघूर्ण फार थोडे असते आणि तेही गुडघा सरळ ठेवण्याच्या बाजूने. मागचे अस्थिबंध ते पेलतात. स्नायूला विश्रांती मिळते. गुडघा पंधरा अंश वाकलेला असला तर मात्र तो वजनाच्या रेषेच्या पुढे सुमारे ५ सेंटिमीटर येतो. एका पायावर निम्मे, म्हणजे ३० किलोग्रॅम वजन धरले तर,

ओढ × ४ = ३० × ५

ओढ = ३७.५ किलोग्रॅम-भार.

हे नुसते उभे राहण्यासाठी! चालताना क्षणभर सगळे वजन एकाच पायावर येते, तेव्हा ही ओढ ७५ किलोग्रॅम-भार होते. ज्या स्नायूची ताकद निम्म्यावर आली आहे त्याच्यावर हा अखंड बोजा. त्यामुळे माणूस लवकर थकतो, लंगडतो, बसून राहतो. बसून राहिला की स्नायू आणखी अशक्त होतो. उत्तम धातू आणि उत्तम प्लास्टिक आत असूनही पाय निकामीच वाटतो.

घरोघर सर्वांचे लक्ष "गुडघा किती वाकतो?" याकडे असते. वाकायला हवाच. चालताना पाऊल पुढे टाकायला सुमारे ६० ते ६५ अंश, जिना चढायला आणि खुर्चीतून उठायला ९० अंश किंवा थोडे अधिक लागतात. पण तितकाच महत्त्वाचा प्रश्न आहे, "गुडघा पुरता सरळ होतो का?"

टाचेखालचा टॉवेल

फिजिओथेरपिस्ट बाईंनी उशी काढली आणि टॉवेलची गुंडाळी करून आईच्या टाचेखाली ठेवली. गुडघ्याखाली काहीच नाही. "आता दहा मिनिटे असेच पडून राहा," त्या म्हणाल्या.

मी पाहतच राहिलो. दोन टोकांना आधार दिलेली पट्टी मध्ये आपल्याच वजनाने वाकते, हे मी कितीदा फळ्यावर काढले असेल! येथे एक आधार खुब्याखालचा पलंग, दुसरा टाचेखालचा टॉवेल. मध्ये अधांतरी गुडघा. पायाचे स्वतःचे वजनच त्याला सावकाश खाली ओढून सरळ करीत होते. उशी मध्ये असताना हेच गुरुत्वाकर्षण निरुपयोगी ठरले होते. आधार एका जागेवरून दुसऱ्या जागी नेला, एवढाच फरक.

दुसरा व्यायाम त्याहून साधा. पाय पलंगावर पसरून मांडीचा स्नायू आवळायचा, गुडघ्याची मागची बाजू गादीत दाबायची, मनात पाच मोजायचे आणि सोडायचे. असे दहा वेळा. दिसायला काहीच हालत नाही, पण झोपी गेलेल्या स्नायूला जागे करण्याचे काम होते. तो जागा झाला की मग पाय सरळ ठेवून वीतभर उचलायचा. घोट्याला वजन बांधण्याची घाई मात्र करायची नाही. घोटा गुडघ्यापासून सुमारे ४० सेंटिमीटरवर असतो. खुर्चीवर बसून पाय आडवा धरला असता तेथे एक किलो बांधले तर पट्ट्यावर दहा किलोची ओढ वाढते. का, ते तुम्हीच काढा.

तिसरा व्यायाम पावलाचा. पाऊल वर-खाली हलवीत राहायचे. त्यामुळे पोटरीचे स्नायू पंपासारखे काम करतात आणि शिरांतील रक्त वर ढकलतात. एका जागी साकळलेले रक्त गोठण्याचा धोका असतो. तो यामुळे कमी होतो. सूज उतरावी म्हणून कापडात गुंडाळलेला बर्फ पंधरा-वीस मिनिटे ठेवतात. बर्फ उघड्या कातडीवर ठेवायचा नाही.

खुर्ची, जिना आणि काठी

खुर्चीतून उठताना आई सरळ वर उठू पाहायची आणि परत बसायची. "पावले मागे घ्या, पुढे वाका, मग उठा," असे बाईंनी सांगितले. याचा हिशेब करा. धड मागे असताना वजनाची रेषा गुडघ्याच्या मागे, समजा, १५ सेंटिमीटरवर आहे. प्रत्येक पायावर ३० किलोग्रॅम धरले तर ओढ ११२ किलोग्रॅम-भारांच्या वर जाते. पावले मागे घेऊन पुढे वाकल्यावर तेच अंतर ८ सेंटिमीटर झाले, तर ओढ ६० वर येते. खुर्ची उंच आणि हात असलेली असेल तर काम आणखी हलके होते. म्हणूनच अशा रुग्णांना पाट, बैठे शौचकूप आणि मांडी घालून बसणे सहसा टाळायला सांगतात.

जिन्याचा नियमही ऐकण्यासारखा आहे. चढताना चांगला पाय आधी, उतरताना शस्त्रक्रियेचा पाय आधी. पाठ करू नका, विचार करा. चढताना जो पाय वरच्या पायरीवर आहे तोच शरीर उचलतो. ६० किलोग्रॅम वस्तुमान १५ सेंटिमीटर उचलायला सुमारे ८८ ज्यूल कार्य लागते. उतरताना जो पाय वरच्या पायरीवर मागे राहतो, तोच शरीर सावकाश खाली सोडतो. म्हणजे दोन्ही वेळा वरच्या पायरीवरचा पायच कष्ट करतो. तो चांगला हवा, एवढेच! काठी धरायची ती शस्त्रक्रियेच्या पायाच्या विरुद्ध हातात. पाऊल आणि काठी एकाच वेळी पुढे पडतात आणि वजन दोघांत वाटले जाते.

गुडघ्यावर खरोखर किती भार येतो, हे बर्लिनमधील संशोधकांनी मोजून पाहिले आहे. त्यांनी कृत्रिम सांध्यातच बल मोजणारी सूक्ष्म उपकरणे बसविली. साध्या चालण्यात भार शरीराच्या वजनाच्या सुमारे अडीच पट आणि जिना उतरताना साडेतीन पटीच्या आसपास भरला. वजनाहून जास्त का? कारण सांध्याला वजनाबरोबर स्नायूंची ओढही सोसावी लागते, आणि ती किती मोठी असते हे आपण आताच पाहिले.

वहीतील आलेख

आईच्या पलंगाशेजारी मी एक वही ठेवली. दर आठवड्याला बाई कोन मोजत आणि मी लिहून घेई. चौदाव्या दिवशी सरळ होण्यात १५ अंशांची कसर होती आणि वाक ८० अंश. एकविसाव्या दिवशी कसर ८, वाक ९०. अठ्ठाविसाव्या दिवशी कसर ४, वाक ९८. मध्ये एकदा आईने उत्साहाने दुप्पट व्यायाम केला. दुसऱ्या दिवशी गुडघा सुजला आणि वाक उलट काही अंशांनी घटला. व्यायामात थोडे दुखते, पण सूज वाढेपर्यंत दुखवायचे नसते, हे त्या एका बिंदूने शिकविले. बेचाळिसाव्या दिवशी कसर जवळजवळ शून्य आणि वाक ११० अंश झाला. आलेखाची रेषा सरळ नव्हती. आधी भरभर चढणारी आणि पुढे मंदावणारी होती. रोजची कामे जमायला आईला तीन महिने लागले. स्नायूची ताकद भरून यायला वर्षसुद्धा लागू शकते.

त्या बेचाळिसाव्या दिवशी आई ओट्याशी उभी राहून पोहे परतीत होती. "आज पाय दमत नाही रे," एवढेच ती म्हणाली. तिचा गुडघा सरळ झाला होता. वजनाची रेषा तिच्या जागी परत आली होती.

तुमच्या घरी असा रुग्ण असेल तर तुम्ही पुष्कळ करू शकता. व्यायामाच्या वेळा लक्षात ठेवा, आकडे मोजा, वही लिहा, गुडघ्याखालची उशी हळूच काढून टाका. मात्र जोर लावून गुडघा कधीही वाकवू किंवा दाबू नका. कोणता व्यायाम किती करायचा हे डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्टच ठरवतील. पोटरी एकाएकी सुजली किंवा दुखू लागली, धाप लागली, ताप आला किंवा जखमेतून पाणी येऊ लागले तर वेळ न घालवता मोठ्यांना आणि डॉक्टरांना सांगा.

करून पाहा

१. पुठ्ठ्याच्या दोन लांब पट्ट्या एका टोकाशी टाचणीने जोडा आणि तेथे कंपासपेटीतील कोनमापक चिकटवा. एक पट्टी मांडीच्या व दुसरी नडगीच्या रेषेत धरून, खुर्चीत बसलेल्या मित्राचा गुडघा किती अंशांत वाकला आहे ते मोजा. पुरता सरळ पाय म्हणजे शून्य अंश.

२. एक मीटरपट्टी एका टोकाशी खिळ्यावर सैल टांगा. खिळ्यापासून २४ सेंटिमीटरवर वजन अडकवा. ताणकाटा आधी २४ सेंटिमीटरवर, मग १२ वर आणि शेवटी ४ वर लावून पट्टी आडवी धरा. काट्यावरील आकडे लिहा. आजीचा स्नायू काय सोसतो, ते तुमच्या हातालाच कळेल.

३. विचार करा: शस्त्रक्रियेनंतर रुग्णाचे वजन ६० ऐवजी ७२ किलोग्रॅम असेल आणि गुडघा पंधरा अंश वाकलेलाच राहिला असेल, तर एका पायावर निम्मे वजन देऊन उभे राहताना पट्ट्याची ओढ किती होईल?